न झालेली सभा

१९७६ च्या डिसेंबरात एका शुक्रवारी आमच्या दैनिकाच्या तिसऱ्या पानावर एक बातमी छापून आली. अक्कलकोट रोडवर यंत्रमाग कामगारांची सभा झाली, सहाशे तरुण हजर होते, त्यांनी हात वर करून सरकारच्या कार्यक्रमाला पाठिंबा दिला, असं त्या बातमीत होतं. सभा झाली नव्हती. बातमी मी लिहिली होती.

त्या बातमीमुळे एका बाईंनी पेपर वाचणं सोडलं. हे टिपण त्यांच्याविषयी आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कारखान्यात त्या कामाला होत्या. वय पन्नाशीच्या आसपास. सगळ्या त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. सुपात तंबाखू, कापलेली पानं, दोऱ्याचं रीळ. सकाळी अकरा वाजले की अक्का आपल्या सुपातलं हे सगळं बाजूला काढत, सूप पदराने पुसत आणि त्यात त्या दिवसाचा पेपर पसरत.

त्यांची मराठी चौथी झालेली होती. भोवतालच्या पन्नासेक बायकांचं घरचं बोलणं तेलुगू, आणि मराठी अक्षरं बहुतेकींना येत नव्हती. अक्का एक वाक्य मराठीत वाचत, मग तेच तेलुगूत सांगत. तासभर हे चाले. तेवढ्या वेळात त्यांच्या स्वतःच्या विड्या बुडत. म्हणून उठताना प्रत्येक बाई आपल्यातल्या मूठभर विड्या त्यांच्या टोपलीत टाकी. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते बरीच वर्षं चालू होतं.

मी गेलो होतो तो त्यांच्यावर चार परिच्छेद लिहायला. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी नळाच्या पाण्याची बातमी होती. अक्कांनी पाणी न येणाऱ्या गल्ल्यांची नावं वाचली. पद्मा नावाची एकवीस-बावीस वर्षांची मुलगी पुढेच बसली होती. तिने विचारलं, "अक्का, आपल्या गल्लीचं नाव न्हाई आलं?"

"न्हाई."

"मग आपल्या गल्लीत पाणी येतंय म्हणायचं का?"

सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या, पण बोट ओळीवरून हललं नाही.

पुढची बातमी तेल स्वस्त झाल्याची होती. मागून कोणीतरी ओरडलं, "कुठल्या बाजारात?" तेव्हा अक्का म्हणाल्या, "छापलंय म्हंजे कुणीतरी बघितलं असंल की. आपण त्या बाजारात गेलो नसू."

हे वाक्य त्या दिवशी मी तीनदा ऐकलं. माझ्या चार परिच्छेदांत ते घेतलं. छान वाटलं होतं.

अक्का मत सांगत नसत. दिल्लीबद्दल, सरकारबद्दल कोणी विचारलं तर म्हणत, "ऐका, मग आपापसात भांडा." पण धान्याचा भाव त्या दोनदा वाचत, आणि पुढाऱ्यांच्या दौऱ्याच्या बातम्या एका श्वासात संपवत. संपादकही याहून वेगळं काही करत नाही. पद्मासारख्या पाच-सहा मुलींना पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत द्यायचं होतं. देशात काय चाललंय हे त्यांना कळण्याच्या वाटा दोनच होत्या. एक घरचे पुरुष आणि दुसरी अक्का. अक्कांची वाट म्हणजे आमचा पेपर.

आता सभेचं. त्या काळात सभेच्या आधीच पाहुण्यांचं भाषण छापील स्वरूपात आमच्या टेबलावर येई. पान छपाईला लवकर सोडायचं असलं की भाषण झालं असं धरून बातमी तयार करायची, अशी पद्धत होती. काही बदल झाला तर फोन येईल, असं धरायचं. त्या गुरुवारी मी सभेला गेलो नाही. सायकल नादुरुस्त होती, हे कारण मी नंतर बरीच वर्षं सांगितलं. सायकल चालू होती. भाषण माझ्याकडे होतं. सहाशेचा आकडा आणि वर झालेले हात मी घातले.

फोन आला नाही.

शुक्रवारी कारखान्यात काय झालं ते मला पद्माने पुढे सांगितलं, आणि दुसऱ्या दोघींनी दुजोरा दिला. अक्कांनी बातमी वाचली. पद्माचा भाऊ सभेच्या मैदानासमोरच यंत्रमागावर कामाला होता. पद्मा म्हणाली, पाहुणे आलेच नाहीत, मांडव तसाच उतरवला, भाऊ रात्री जेवताना सांगत होता. अक्का म्हणाल्या, "छापलंय म्हंजे कुणीतरी बघितलं असंल की."

"एवरु चूसिंड्रु?" पद्माने विचारलं. कोणी बघितलं?

"विचारून येते," अक्का म्हणाल्या.

शनिवारी दुपारी त्या आमच्या कचेरीत आल्या, बातमी कोणी लिहिली ते विचारत माझ्या टेबलापाशी. हातात घडी घातलेला अंक. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. समोरच्या टेबलावर आमचे मुख्य उपसंपादक प्रुफं बघत होते.

"भाऊ, ही सभा तुमी बघितली काय?"

मी म्हणालो, "हो."

"सोता?"

"स्वतः. पुढच्या रांगेत सगळी तरुण मुलं होती. उठून टाळ्या वाजवत होती."

हे दुसरं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं.

"बरं झालं की," त्या म्हणाल्या. "आमच्यात एक पोरगी हाय, लई भांडती. तिला सांगते, लिवणाऱ्यालाच विचारून आले म्हणून." दारापर्यंत गेल्या तेव्हा मी चहाचं विचारलं. त्या वळल्या. "चहा न्हाई घेत. काम सोडून आले."

त्या गेल्यावर मुख्य उपसंपादकांनी मान वर न करता विचारलं, "किती लिहिले होतेस? सहाशे?" मी हो म्हणालो. ते पुढचं प्रुफ बघू लागले.

सोमवारी अक्कांनी सगळ्यांसमोर पद्माला खोटं ठरवलं. पुढच्या रांगेचं आणि टाळ्यांचंही सांगितलं. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पद्माने मांडववाल्याला कारखान्याच्या दारात आणून उभं केलं. तो त्याच गल्लीतला, अक्कांच्या ओळखीचा. त्याने सांगितलं, खुर्च्या गाडीतून उतरवल्याच नव्हत्या.

बुधवारी अकरा वाजता अक्कांनी सूप पुसलं नाही. बायका थांबल्या. एकीने पेपर पुढे केला. अक्का म्हणाल्या, "पद्मे, तुला सगळ्यांत खोटं पाडलं मी. आता माझ्यानं वाचवत न्हाई." मग पान घेऊन तंबाखू भरली आणि विडी वळायला घेतली. कोणीतरी सवयीने मूठभर विड्या त्यांच्या टोपलीत टाकल्या. त्यांनी त्या परत दिल्या.

जानेवारीत निवडणूक जाहीर झाली. मार्चमध्ये मतदानाच्या आधी मला पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलींवर लिहायला सांगण्यात आलं. मी त्या कारखान्यात गेलो. अकरा वाजून गेले होते. कोणीही वाचत नव्हतं.

पद्माला विचारलं, कोणाला मत देणार?

"तुमीच लिवा की," ती म्हणाली. "तुमाला न जाता कळतंय सगळं."

बायका हसल्या. पाण्याच्या बातमीच्या दिवशी हसल्या होत्या, तसं ते हसू नव्हतं. मग पद्मा म्हणाली, घरात भाऊ सांगतो एक, चुलता सांगतो दुसरं, पहिल्यांदा शिक्का मारायचाय आणि विचारायला कोणी राहिलं नाही. ती हे माझ्याकडे बघून बोलत नव्हती, अक्कांकडे बघून बोलत होती.

अक्का दोरा गुंडाळत होत्या. मी जवळ जाऊन बसलो. सभेला गेलो नव्हतो, हे सांगायचं ठरवून आलो होतो. मी म्हणालो, "अक्का, त्या सभेचं—"

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आज आलात न्हवं? बसा. बघून लिवा."

मी अर्धा तास बसलो. लिहिलं. त्या लेखात सभेचा उल्लेख नाही. त्या बातमीचा खुलासा आमच्या दैनिकाने कधीही छापला नाही. मीही कधी लिहून दिला नाही. फायली मी तपासल्या आहेत.

१९७९ च्या उन्हाळ्यात अक्का वारल्या. मला दुपारी कळलं. मी सायकलवरून गेलो. कारखाना अर्धा दिवस बंद ठेवला होता. अंत्ययात्रेबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत एकेचाळीस बायका चालत आल्या. पद्मा पुढे होती, कडेवर मूल होतं. मी कचेरीत परतून पाच ओळींची बातमी लिहिली आणि आकडा मोजलेलाच घातला, एकेचाळीस. जागेअभावी ती त्या दिवशी राहिली. दुसऱ्या दिवशीही आली नाही.