लाल रंगाखालचं तेल

ताईचा फोन आला तेव्हा मी चरोद्याच्या रेल्वे यार्डात सकाळची हजेरी लावत होतो. "रमेश, तुझे भाऊजी गेले रे," एवढंच बोलली. त्याला आता दीड महिना झाला.

भाऊजी वैनगंगेच्या काठचे, भंडाऱ्याकडचे. शेती भावांत वाटली गेली, तेव्हा त्यांच्या काकांनी त्यांना भिलाईला आणून स्टील प्लांटमध्ये चिकटवलं. यायचं का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते "बरं जी" म्हणाले असते. लग्नाला "बरं जी", कॅम्प-१ या वस्तीतल्या दोन खोल्यांनाही "बरं जी". खोलीच्या एकुलत्या खिडकीसमोर शेजाऱ्याने भिंत चढवली तेव्हाही भाऊजी तेच म्हणाले. मी त्यांना 'बरंजी' म्हणूनच चिडवायचो आणि ते हसायचे.

रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी मनासारखं एक काम काढलं. मागच्या अंगणात सागाच्या फळ्यांचा डोंगा, म्हणजे लहानशी होडी, बांधायला घेतला, दोन माणसं बसतील एवढा. दम्याने तेव्हाच गाठलं होतं. चार खिळे ठोकले की भिंतीला टेकून बसायचे. "पावसाळा सरला का गावी नेतो याले. नदीवर रायतो दोन मईने. इथं मले दम पुरून नाही राह्यला, रमेशभाऊ." डॉक्टरही म्हणाले होते, जायचं तर याच वर्षी जा.

राहिला होता फक्त पाणी शिरू नये म्हणून बाहेरून लावायचा हात. त्यावर त्यांनी महिनाभर विचार केला. डांबर उन्हात चिकटतं, वार्निश तडकतं. शेवटी घाबरत घाबरत मला म्हणाले, "जवसाचं तेल लावावं म्हणतो. गावी तेच लावते."

मी उसळलोच. माझी सगळी नोकरी वॅगनी रंगवण्यात गेली. "तेल? दरसाली घासत बसान काय? रेड ऑक्साइडचा एक हात, वरून इनॅमलचे दोन. वॅगन पावसात उभी रायते, काही होते काय तिले?"

"बरं जी."

दोन सुट्ट्या काढून मी तो डोंगा वॅगनसारखा लालभडक केला. भाऊजी डबा धरून शेजारी उभे होते. पहिल्याच पावसात रंग फुगला, मग फाटला. पाणी आत शिरलं, आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. दिवाळीत तळाची फळी अंगठ्याने दाबली तर भिजल्या पावासारखी दबली. "होते जी असं," भाऊजी म्हणाले. त्यानंतर दमा वाढला, आणि ते त्या बुजलेल्या खिडकीकडे तोंड करून पडून राहू लागले. नदी राहूनच गेली.

तेरवी झाल्यावर मी पत्रा घेऊन डोंगा खरवडायला बसलो. का, ते सांगता येत नाही. स्वस्थ बसवत नव्हतं, एवढं खरं. रंगाचा पापुद्रा सालीसारखा निघून आला. खाली लाकूड काळपट, चिकट... नाकाजवळ नेलं तर जवसाचा वास.

ताई दारात उभी होती. "तू यायच्या आदल्या दिवशी त्यायनं तेल लावलं होतं. मी म्हटलं, सांगा ना रमेशले. तं म्हणे, तो सुट्टी काढून येऊन राह्यला, त्याचं मन कावून मोडू?"

ओल्या तेलावर रंग धरत नाही, हे यार्डातला कुणीही सांगेल. साग मुळातच तेलकट, म्हणून रंगवताना मला शंका आली नाही. त्यांनी तोंडातून एक शब्द काढायचा होता. मला त्यांचा इतका राग आला की मी तिथेच बसून रडलो.

गेल्या रविवारी ताई म्हणाली, "आता हे लाकूड सरपणाले देऊन टाकू काय?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या मोठ्याने, की ताई दचकली. त्या अंगणात भाऊजींनी इतक्या वर्षांत कशालाच 'नाही' म्हटलं नव्हतं.