वाजेल

कामावर येणाऱ्या नव्या मुलांना मी सेवेचं मूल्य शिकवतो. दोन प्रश्न विचारा, म्हणतो — वस्तू काम करते का? आणि गरज पडते त्या वेळी करते का? उपयोगी असणं वेगळं, उपयोगी पडणं वेगळं. मुलं उदाहरण मागतात. मी घरच्या इन्व्हर्टरचं देतो. खरं उदाहरण माझ्यापाशी आहे — ते आजवर कुणाला दिलेलं नाही. बायकोला नाही. ओझरला गणपतीपुढे उभा असतानाही मनात आलं, ते तिथेच दाबलं.

आमची कंपनी आंबेगाव-जुन्नरच्या वस्त्यांवर बिबट्यासाठी भोंगे बसवते. जनावर जवळ आलं की भोंगा वाजतो. मी मंचरला बसून तक्रारी घेतो. प्रत्येक तक्रारीला मुदत असते, आणि मुदतीत तक्रार मिटवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हिशेबाला मी चोख — असं सगळे म्हणतात. अजूनही म्हणतात.

निरगुडसरच्या पुढे एका वस्तीवर लताताई राहतात. नवरा, सासरे आणि मेंढरांचा वाडा. त्यांचा फोन आला. "भाऊ, भोंगा वाजतोय वो, पण लाईट गेली की मुका. आन लाईट जाती कवा, तर दिवेलागणीला. बिबट्या काय लाईट बघून येतो व्हय?" मी हसलो. बॅटरी गेली होती, दुसरं काही नाही. याहून स्वच्छ तक्रार कुणी करू शकेल का?

पण बॅटरी म्हणून नोंदवली, तर नवी येईपर्यंत तक्रार उघडी राहणार, मुदत उलटणार. मी प्रकार निवडला — आवाज. आवाजाची तपासणी फोनवरूनच होते. भर दुपारी, लाईट असताना, मी त्यांना बटण दाबायला लावलं. भोंगा मला इथे ऐकू आला.

"आता लाईट गेली तरी वाजंल ना?" त्यांनी विचारलं.

"वाजेल," मी म्हणालो.

चुकून नाही. घाईत नाही. मला माहीत होतं — आणि मी म्हणालो. वर सांगितलं, मेसेज येईल, त्यात पाच दाबा, म्हणजे काम चांगलं झालं. त्यांनी दाबलं. तक्रार मिटली.

त्यांचे सासरे तोवर रोज संध्याकाळी वाड्यापाशी शेकोटी करून बसायचे. भोंगा दुरुस्त झाला म्हटल्यावर त्यांनी ती राखण सोडली. माझ्या शब्दावर सोडली. मी त्यांना काय दिलं होतं? निर्धास्तपणा — तेवढाच, आणि तोही खोटा. एका संध्याकाळी लाईट गेली. म्हातारबाबा कोकराला दूध पाजायला वाड्यात वाकले होते. बिबट्या आत शिरला, भोंगा वाजला नाही. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशीला कंपनीच्या साहेबांबरोबर मीच गेलो. लाईट होती. साहेबांनी बटण दाबलं, भोंगा वाजला. म्हणाले, यंत्र चालू आहे, तुमचेच पाच गुण आहेत, कुणीतरी बंद केलं असणार. मेन स्विच माझ्या खांद्याशी होता. तो खाली पाडला असता, तर तिथल्या तिथे सगळ्यांना कळलं असतं. हात उचलायला काय लागत होतं?

नवरा बायकोकडे बघून म्हणाला, "हिला कलकलाट सोसत न्हाई. हिनंच बंद केलं असणार. बापाचा हात घालवला माझ्या." ताई आधी नाही म्हणाल्या. पुन्हा नाही म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमी तर सांगितलं व्हतं, वाजंल म्हनून. मंग माझ्याच हातनं बंद झालं असंल. मला ध्यानात न्हाई."

मी मान हलवली. हो, अशी.

पुढे एका दुपारी जाऊन मी बॅटरी बदलली. नेहमीची देखभाल, असं सांगितलं. त्यांनी चहा केला, तो मी प्यालो. सासरे ओट्यावर बसून डाव्या हाताने भाकरी मोडत होते. सून पाणी घेऊन गेली, तर त्यांनी तोंड फिरवलं.

भोंगा सुनेनेच बंद केला — त्या घरात आजही तेच खरं आहे.