सुनेसाठी गेलो, सासू होऊन आलो

नागपूरच्या गांधीबागेतल्या आमच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला साडी नेसून दाखवायचं काम आम्हा पुरुषांचंच. शर्ट-पँटवरच कमरेला निऱ्या खोचायच्या, खांद्यावर पदर घ्यायचा आणि आरशासमोर उभं राहायचं. बाकीचे सेल्समन हे काम इंजेक्शन घेतल्यासारखं उरकून टाकतात. माझं तसं होत नाही. पदर खांद्यावर आला की माझी मान आपोआप जरा वळते, चाल बदलते. मालक म्हणतात, "अबे, साडी दाखव, नखरे नको दाखवू." पण साडी खपते म्हणून फार बोलत नाहीत.

दर सणाला खरेदीला येणाऱ्या एका काकूंनी एकदा मला असं वळताना पाहिलं आणि साडी सोडून माझीच चौकशी सुरू केली. "काहून गा, हे चालणं कुठं शिकला तू?"

मी सांगितलं. मी सिंधुदुर्गाकडचा. आमच्याकडे जत्रेला देवळासमोर दशावतारी नाटक होतं. त्यात राणी काय, देवी काय, सगळ्या पुरुषच. माझे मामा बायकांची कामं करायचे, त्याला आमच्याकडे स्त्रीपार्टी म्हणतात. सातवीनंतर शाळा सोडून मी त्यांच्यामागे नाटक मंडळीत गेलो आणि तेच शिकलो. पुढे मंडळी मोडली. गावचा एकजण या दुकानात होता, त्याने मला इकडे आणलं.

काकू म्हणाल्या, "आमच्या कॉलनीचं मंडळ संगीत नाटक बसवून राहिलं. रविवारी ऑडिशन आहे, ये तू."

"म्हणजे काय करायचं?"

"काही नाही रे, थोडं गायचं, थोडं वाचून दाखवायचं."

'वाचून' म्हटल्यावर मी हातातली साडी उगाच पुन्हा घडी करायला घेतली. मला वाचता येतं, पण ओळीखाली बोट धरून, सावकाश. तरी हो म्हटलं. नागपूरला आल्यापासून मी फक्त न्हाणीघरात गायलो होतो, आणि तिथेही दोन ओळी झाल्या की घरमालक दारावर थाप मारायचे. इथली माणसं वाईट मुळीच नाहीत. पण आमच्याकडचं 'माका-तुका' तोंडातून निघेल आणि कोणी हसेल, या धास्तीने मी बोलायचोच कमी. मला कोणीतरी नाटकात घ्यावं, एवढंच मला हवं होतं. मागे उभा केला असता तरी चाललं असतं.

रविवारी दुकानातून सुट्टी घेऊन कॉलनीच्या समाजभवनात गेलो. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ टेबलामागे बसले होते. नाटक त्यांनीच लिहिलेलं, बसवणारही तेच. सगळे त्यांना सर म्हणत होते. गोष्ट साधी होती. सुनेला गाणं शिकायचंय आणि सासूला ते चालत नाही. एका बाजूला पेटीवाले काका, त्यांच्याजवळ आमच्या काकू आणि भिंतीला लागून बायकांची रांग.

"कोणत्या भूमिकेसाठी आले?" सरांनी विचारलं.

"सुनेच्या," मी म्हणालो.

पेटीवाल्या काकांचा हात थांबला. मग हॉल असा हसला की वॉचमन डोकावून गेला.

"बाप्पा!" रांगेतली एक बँकेत नोकरी करणारी ताई म्हणाली, "आता पुरुषांशीही काँपिटिशन का?"

आता सांगतो, मी थट्टा केली नव्हती. नाटकात जास्त गाणी बाईला आणि बाईचं काम पुरुषाने करायचं, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की समोर एवढ्या बायका कशाला बसल्यात, हा विचारच मी केला नाही. मला वाटलं, आपापल्या मुलांना घेऊन आल्या असतील.

सर समजुतीने म्हणाले, "भाऊ, सुनेसाठी आमच्याकडे ही रांग लागली आहे."

"आणि सासूसाठी?" काकूंनी विचारलं.

बायका पंख्याकडे पाहू लागल्या. शेवटी बँकेतली ताई म्हणाली, "सर, माही सासू पहिल्या रांगेत बसून राहीन. तिच्यासमोर मी सासू करू? मले नाटक झाल्यावर घरी जायचं आहे."

"काकू, तुम्हीच करा न," दुसरी म्हणाली.

"मी खरीच सासू आहे वं! मी केली तर माही सून म्हणन, आई, नाटकात तरी सुट्टी घ्या."

सरांनी कपाळाला हात लावला. सुनांची परीक्षा घ्यायची तर समोर सासू हवी, म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिले. "तुम्ही तात्पुरते सासूचे संवाद वाचा."

मी कागद पाहिला. बारीक अक्षरं, नुसती दाटी. बोट ठेवावं तर सगळे बघताहेत. म्हटलं, "सर, सासूला काय हवंय ते सांगा फक्त. मी बोलतो."

"अहो, लिहिलं आहे न सगळं!"

"मला भरभर वाचता येत नाही, सर. मी सातवीपर्यंतच शिकलोय."

आता जा म्हणतील, असं वाटलं. मी चपला कुठे काढल्यात तेही आठवून ठेवलं. पण काकू खुर्ची ओढून शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "ऐक. सून गात बसली, गॅसवर दूध उतू गेलं आणि तू आत आली. बस."

आमच्या मंडळीत याहून जास्त कोणी सांगतच नसे. गोष्ट कळली की बोलणं ज्याचं त्याने रचायचं. मी रुमाल डोक्यावर घेतला. समोर बँकेतली ताई उभी राहिली आणि तिने वाचलं, "आई, मी पाचच मिनिटं रियाज करत होते."

"रियाज? गो बाये, दुधाने तुझ्याआधी तान घेतली नि थेट ओट्यावर उतरली. तुझ्यापेक्षा सुरात होती ती!"

ताई कागद चाळू लागली. "सर, हे कुठं लिहिलं आहे?"

"कुठंच नाही!" सर म्हणाले.

"कागदात काय बघतेस? माझ्या तोंडाकडे बघ. लग्न ठरवताना नुसता मुलगा बघितलास, मला बघायचं राहूनच गेलं."

आता ताईने कागद खुर्चीवर आपटले. "बघून राहिली न, आई! पण गॅसपाशी तुमचा पोरगा उभा होता. त्याले बटन फिरवता येत नाही का? तेवढं तर शिकवायचं होतं!"

रांगेतून शिट्टी आली. आम्ही दोघं भांडतच सुटलो, थांबेचना. सरांनी टेबलावर हात आपटला. "हे माझं नाटक आहे का तुमच्या घरचं भांडण?"

मी डोक्यावरचा रुमाल काढला. "चुकलं, सर."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "गाणं म्हणा."

मामांकडून शिकलेलं देवीच्या विनवणीचं पद धरलं. पट्टी उंच लागली, आवाज कापला. पेटीवाल्या काकांनी मला न विचारताच पट्टी खाली घेतली. त्या माणसाचे मी किती आभार मानू! पद संपलं तरी त्यांनी पेटी थांबवली नाही, म्हणून मला ध्रुवपद पुन्हा म्हणावं लागलं.

"सासू तुम्ही," सर म्हणाले. "पण एक अट आहे. संहितेबाहेरचा एक शब्द बोलायचा नाही."

मी मान हलवली. त्या वेळी त्यांनी मिशी काढायला सांगितली असती तरी हलवली असती. तसंही, ती काढायला लागणारच होती. संवाद फोनवर बोलून पाठवते, ऐकून पाठ कर, असं काकूंनी लगेच कबूल केलं. सर कागदावर काहीतरी खरडत होते. दुधाची तान लिहून घेत होते, हे मला नंतर कळलं.

मी एका बाजूला उभा होतो. तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकावरून हाक आली, "ओ सासूबाई! इकडे या न, चहा घ्या!"

बँकेतली ताई होती. सुनेचं काम तिलाच मिळालं होतं. नागपुरात असं भरल्या जागेतून मला कोणी हाक मारली नव्हती. मी जरा घाईनेच गेलो. सुनेच्या हातचा चहा घेतला. साखर कमी होती. बोलायचं अगदी ओठावर आलं होतं, पण संहितेत नव्हतं, म्हणून गप्प राहिलो.