पाणीबाईंची तपासणी

बंदूक परवान्यांच्या आमच्या पोलीस शाखेत बाईंना सगळे पाठीमागे ‘पाणीबाई’ म्हणत. परवाना मागणाऱ्याच्या घरी चौकशीला गेल्या, की बसायच्या आधीच त्यांना तहान लागायची. “तुम्ही बसा हो, मी घेते,” म्हणत थेट स्वयंपाकघरात. तिथे घरची बाई एकटी सापडे. बंदुकीबद्दल नवऱ्याला विचारावं आणि नवऱ्याबद्दल बायकोला, हा त्यांचा साधा हिशोब. मी बाहेर बंदुकीच्या कपाटाचं कुलूप ओढून बघत बसायचो.

पुढे अर्ज साचले आणि वरून हुकूम आला: घरी जाऊ नका, फोनवर विचारा. बाई भांड भांड भांडल्या. पालथ्या घड्यावर पाणी!

मग आमच्या हद्दीतल्या एकाने शेजारच्या शहरात भर बाजारात गोळ्या झाडल्या. माणसं मेली. त्याचा परवाना आम्हीच फोनवर वाढवून दिला होता. “घरी सगळं ठीक ना?” असं त्याच्या बायकोला विचारलं, ती ‘ठीक’ म्हणाली. तेव्हा फोन नवऱ्याच्या हातात होता, हे नंतर कळलं. बैल गेला नि झोपा केला, तसा नवा कायदा आला. प्रत्येक घराची फेरतपासणी लागली.

बाईंच्या धाकट्या भावाकडेही बंदूक होती. साहेब म्हणाले, “त्यांचं राहू द्या. घरचाच माणूस.”

“माझा भाऊ म्हणून त्याचं घर आपण कधी तपासलंच नाही,” बाई म्हणाल्या. नात्यात एकटं जायचं नाही, म्हणून मला बरोबर घेतलं.

भाऊ हसतमुख. “ताई, आता माझी पण झडती का?” बंदूक जागेवर होती, कुलूप ठणठणीत. काडतुसं मात्र कमी भरली. त्याचं हसू गेलं. “अगं, पाणी आण!” तो आत ओरडला.

“मी घेते,” बाई उठल्या.

“तू कशाला? ती आणेल.”

“तू बस.”

थोरल्या बहिणीचा धाक. तो बसला.

बराच वेळ आतून भांड्याचाही आवाज नाही. मग बाई पिठाचा डबा घेऊन आल्या, मागे वहिनी. बाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबा उपडा केला. पिठातून काडतुसं निघाली. नवरा बंदूक दाखवून धमकावू लागला, तेव्हापासून वहिनी एकेक काडतूस चोरून लपवत होत्या.

“ताई, तू माझी बहीण ना?” भाऊ म्हणाला.

“आहे ना,” म्हणत बाईंनी मला खूण केली. मी बंदूक ताब्यात घेतली. वहिनींना त्या आपल्या घरी घेऊन निघाल्या.

गाडीत बाईंना राहवलं नाही. “अगं, मी दर महिन्याला येत होते. मला सांगायचं तरी!”

वहिनी हाताला लागलेलं पीठ झटकत होत्या.

“तुम्ही बाहेर बसायच्या, ताई. पाणी मी आणून द्यायचे. यांच्यासमोर.”