साठ लाखांची मुलगी

आमच्या नेरिमा वस्तीत तोकुझो कुरिमोतोंचं तोफूचं दुकान आहे. वय अठ्ठ्याहत्तर. कंबर वाकलेली, जीभ मात्र ताठ. बायको गेल्यापासून त्यांना एकच धास्ती होती : आपण डोळे मिटले की दहा महिन्यांच्या आत वारसा कर रोख भरायचा. रोख आणायची कुठून? दुकानाखालची आणि मागची जमीन सोन्याच्या भावाची आणि कमाई तोफूच्या. म्हणजे दुकान विकणं आलं. तीन पिढ्यांचं जातं भंगारात जाणार, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

मग त्यांनी मरणाची अशी तयारी आरंभली की लोक लग्नाचीही करत नाहीत. थडग्यावर कर लागत नाही असं कळताच थडगं आगाऊ विकत घेतलं. दर रविवारी ते पुसायला जायचे आणि आजूबाजूच्या थडग्यांना वाकून नमस्कार करून यायचे. "पुढचे शेजारी आहेत. आत्तापासून संबंध बरे ठेवावेत," म्हणायचे.

तरी आकडा जुळेना. शेवटी मोरिवाकीबाई नावाच्या करसल्लागाराकडे ते मला, शेजाऱ्याला, सोबत घेऊन गेले.

"वारस किती?" बाईंनी विचारलं.

"एकच. मुलगा, यासुनोरी."

"फारच कमी. आणखी एक वारस असेल तर साठ लाख येनची सूट वाढते. सुनेला दत्तक घ्या. पुष्कळ जण घेतात."

सून म्हणजे तोमोए. बावीस वर्षं ही बाई पहाटे चारला उठून भिजलेलं सोयाबीन दळते आहे. यासुनोरी गोल्फच्या काठ्या विकतो. त्याच्या लेखी दुकान म्हणजे सात मजली इमारत अजून न बांधलेली जागा.

दत्तकाच्या अर्जावर साक्षीदार दोन, मी आणि माझी बायको. सह्यांच्या जागी शिक्के उमटले. तोमोएने हळूच विचारलं, "मामंजी, म्हणजे आता मी तुमची खरीखुरी मुलगी?"

"करापुरती गं!" तोकुझो म्हणाले.

अर्जावर 'करापुरती' असा रकाना नव्हता. पण म्हातारा खुशीत होता. साठ लाखांची सूट वाढून आकडा जुळला म्हणून त्याने आम्हाला दोन-दोन तोफू दिले आणि त्यांचे पैसे घेतले.

चार महिन्यांनी यासुनोरी एका बिल्डरला घेऊन आला आणि दोघं टेपने दुकान मोजू लागले. तोमोए हात पुसत बाहेर आली आणि टेपकडे पाहून पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने घटस्फोटाचा कागद नवऱ्यापुढे ठेवला. त्याने आनंदाने शिक्का मारला; आमच्याकडे दोघांचे शिक्के पडून कागद कचेरीत गेला की घटस्फोट झाला. बायको गेली की दुकान बंद, दुकान बंद की इमारत उभी, असा त्याचा सरळ हिशेब.

दुसऱ्या पहाटे चारला जातं सुरू झालं. यासुनोरी झोपेतच खाली आला.

"तू अजून इथे कशी?"

"मी माझ्या बाबांच्या घरी राहते," तोमोए म्हणाली. "तुझं काय?"

नवरा सुटला तरी दत्तक सुटत नाही, हे त्या घरात तिच्याशिवाय कुणीच वाचलं नव्हतं. आडनावही कुरिमोतोच राहिलं. दारावरची पाटी बदलायचा खर्च वाचला, यावर मात्र म्हातारा खूश झाला.

यासुनोरी पेटला. "बाबा, मोडा ते दत्तक! नाहीतर मी या घरात पाऊल ठेवणार नाही!"

आम्ही पुन्हा मोरिवाकीबाईंकडे. "तिची संमती असेल तर मोडेल," बाई म्हणाल्या. "मोडलंत तर ते साठ लाख गेले. ठेवलंत आणि मृत्युपत्र केलं नाहीत, तर मुलगा अर्धा हिस्सा मागेल आणि दुकान विकावं लागेल."

वाटेत म्हाताऱ्याने माझंही बसचं तिकीट स्वतःच्या पैशाने काढलं. हे मी चाळीस वर्षांत प्रथमच पाहिलं.

दुकानात तोमोए गार पाण्यात हात घालून तोफू कापत होती. यासुनोरी कोपऱ्यात उभा होता.

"पोरी, यासु म्हणतो दत्तक मोड."

"मोडते की," ती मान वर न करता म्हणाली. "शिक्का आणते. फक्त उद्या चारला दळायला कोण उठणार, तेवढं सांगा बाबा."

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी तोकुझो नोटरीपुढे जाऊन बसले. दुकान तोमोएला, दुकानामागची गाड्या लावायची जागा आणि बँकेतली थोडीफार शिल्लक यासुनोरीला. तिथे त्याने हवे तेवढे मजले चढवावेत.

नोटरीने चष्मा नाकावर ओढला. "तोमोए कुरिमोतो. आपलं नातं?"

"मुलगी," म्हातारा ठणकावून म्हणाला.

"आणि हे यासुनोरी, यांचं तोमोएंशी नातं?"

"भाऊ," तोकुझो म्हणाले. "आधी नवरा होता. पण ते काम त्याला झेपलं नाही."