कमलचा पाहुणचार आणि निराधारचा पगार

गेल्या महिन्यात टेंभुर्णीहून फोन आला, "कमल गेली." जालन्यात, माझ्या स्वयंपाकघरात उभी होते मी... आणि खरं सांगते, रडता रडता हसूच फुटलं. डोळ्यांपुढं आला तो तलाठी, हातात शिऱ्याची बशी घेतलेला!

कमल माझी माहेरची शेजारीण. पोलिओनं एक पाय गेलेला, लग्न झालं नाही, भावाच्या घरामागच्या खोलीत राहायची. मी गेले की चहा टाकायला उठायची, अन् भावजय सुनवायची, "साखर काय झाडाला लागती?" ते कमलच्या फार जिवाला लागायचं. सरकारचा निराधारांसाठीचा महिन्याचा पगार सुरू झाला की आल्या-गेल्याला स्वतःच्या पैशाचा चहा पाजायचा, एवढीच तिची हौस. अपंगाचा दाखला मिळाला, अर्ज गेला आणि ऐंशीच्या दशकातल्या एका सकाळी, मी माहेरी आलेली असताना, कळलं, तलाठी घरी चौकशीला येणार!

काय ती धांदल, बाई! दारात येणारा म्हणजे पाहुणाच की! माझ्या लग्नातले, आईकडं ठेवलेले कप तिच्या खोलीत गेले, शेजारच्या जैबूनचाचीचं भिंतीवरचं घड्याळ गेलं, शाळेतून खुर्ची आली, कुणाची तरी नवीकोरी सतरंजी आली. इथं गरिबी दाखवायचीय, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात नाही! तलाठी बसले, शिरा खाल्ला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं तर झकास चाललंय. तुम्ही निराधार कशा?"

कमलचा चेहरा पांढराफटक पडला. तोच दारातून जैबूनचाची ओरडली, "साब, घडी मेरी है!" मग मीही सुटले, "कप माझे हायेत!" मागून कोणी, "सतरंजी आमची!" तलाठी दचकून उठले, "आणि ही खुर्ची?" "शाळेची!" आम्ही सगळ्या एका सुरात. कमल अशी भडकली! "पाहुणा खाऊन राह्यला अन् तुम्ही सामान मागून राह्यल्या? लाज न्हाई वाटत?"

हसू दाबत तलाठ्यांनी विचारलं, "मग यात तुमचं काय आहे हो?"

"शिऱ्यातली साखर," ती म्हणाली. "लोकाच्या शेंगा फोडल्या, त्या मजुरीतून आणली."

पगार मंजूर झाला! गल्लीत नुसत्या नाचलो आम्ही. पुढं वर्षानुवर्षं मनीऑर्डर आणणाऱ्या पोस्टमनला आधी चहा, मग सही...

परवा तिच्या भावाकडं भेटायला गेले, तर नेमका पोस्टमन तिची मनीऑर्डर घेऊन दारात. त्याला ठाऊकच नव्हतं. ऐकून बिचाऱ्यानं नोटा परत पिशवीत ठेवल्या. मग "हे पैसे आता परत जातील," म्हणत निघाला. तेवढ्यात आतून भावजय आली, केस पिकलेली, पदरानं डोळे पुसत.

"पैसे जाऊ द्या परत. तुम्ही बसा, भाऊ. चहा टाकलाय. वन्संच्या दारातून बिनचहाचं कुणी गेलं न्हाई... आजबी जायचं न्हाई."