शाफ्टवरचे तीन ठिपके

उस्ताद गाडीत बसण्याआधी चपला काढून बाहेरच ठेवायचे. मग अनवाणी पावलं गाडीच्या पत्र्यावर सपाट टेकवायची, एक तळहात गिअरच्या दांड्याशेजारी ठेवायचा आणि म्हणायचं, "आता चालवा ताई. बोलू नक्का." पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. मी गाडी तपासून घ्यायला आले होते आणि हे गृहस्थ नाडी बघायला बसल्यासारखे बसले होते.

मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे हैदराबादला आले आणि फिजिओथेरपीचं काम इथेच सुरू केलं. आठवड्यातून तीन दिवस झहीराबादच्या दवाखान्यात जायचं ठरल्यावर सिकंदराबादच्या एका निवृत्त डॉक्टरांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली. शहरात ती शहाण्यासारखी चालायची. पण पटानचेरू मागे टाकून मोकळ्या रस्त्यावर काटा ऐंशीच्या पुढे गेला की सगळी गाडी थरथरू लागायची. दोन गॅरेज झाली. एकाने चाकांचं बॅलन्सिंग दोनदा केलं, दुसऱ्याने टायर बदलायला लावले. थरथर तशीच. शेवटी मी झहीराबादचं काम सोडायच्या विचारात होते. तिथे माझी वाट बघणारे पेशंट होते, पण दर वेळी जीव मुठीत धरून किती दिवस जाणार?

उस्तादांचा पत्ता काचीगुड्याच्या आमच्या शेजाऱ्यांनी दिला. उस्ताद मूळचे बीदरकडचे, शेतकरी घरातले. सिकंदराबादला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचं लहानसं गॅरेज टाकलं. घरात मराठी, गॅरेजात दखनी. सगळा मोहल्ला त्यांना उस्तादच म्हणायचा.

त्यांना उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त आवडायचे. मी तक्रार सांगायला लागले की ते मध्येच हात वर करायचे. "थरथरते ते कळलं. कधी थरथरत नाही, ते सांगा." हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं, "ऐंशीच्या खाली नाही. एकशे दहाच्या पुढे कमी होते." ते खूश झाले. "हौ! म्हणजे ती ऐकते आपलं. तिच्याशी बोलता येतं." त्या दिवसापासून मी माझ्या पेशंटनाही विचारते, गुडघा कधी दुखत नाही? बरेच जण गोंधळतात, पण मग बरंच काही सांगतात.

आम्ही रिंग रोडवर गेलो. नव्वदला थरथर आली. "स्टिअरिंगमध्ये आहे?" नव्हती. "मग पुढची चाकं नाहीत. आता मागे-पुढे कोणी नाही, जरा न्यूट्रल करा." केलं. इंजिनाचा आवाज खाली आला, थरथर तशीच राहिली. "मग इंजिनही नाही." त्यांनी तळवा पत्र्यावर इकडून तिकडे सरकवला आणि सीटखाली एका जागी थांबले. "इथे आहे. खाली काहीतरी फिरताना वाकडं फिरतंय." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. दोष सापडला म्हणून नाही, आता नक्की शोधायचं कुठे ते कळलं म्हणून.

या गाडीत इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारे दोन लोखंडी शाफ्ट असतात, एक मागे जाणारा, एक पुढे. पुढची चाकं ओढत नसली तरी पुढचा शाफ्ट फिरतच असतो. उस्तादांनी तो काढून बाजूला ठेवला. "आता परत जाऊन येऊ." गेलो. नव्वद, शंभर, एकशे पाच. गाडी रेशमासारखी. मी जवळजवळ ओरडलेच, "उस्ताद, सापडलं!" ते म्हणाले, "जागा सापडली. कारण अजून कुठे सापडलंय?"

गॅरेजात परतल्यावर त्यांनी शाफ्ट मांडीवर घेऊन चिंधीने पुसला. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा, दात्यांनी एकमेकांत बसणारा. त्याच्या दोन टोकांना दोन-दोन कान असतात, ते एका रेषेत यावे लागतात. इथे एक टोक एका दात्याने फिरवून बसवलेलं होतं. मी विचारलं, "कोणी केलं हे?"

उस्तादांनी शाफ्ट माझ्याकडे वळवला. लोखंडावर ठोकलेले तीन बारीक ठिपके होते. "उघडायच्या आधी मी अशी खूण करतो. बसवताना समोरासमोर आणायची." दुसऱ्या तुकड्यावरचे तीन ठिपके जरा बाजूला सरकलेले होते. "म्हणजे ही डॉक्टरसाबची गाडी. खूण बघून आत्ता ओळखली. मागच्या साली मीच उघडली होती. ते शहराबाहेर जात नव्हते, म्हणून कळलं नाही." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्हाला इतके दिवस मी परेशान केलं."

मी म्हणाले, चूक कोणाचीही होते. ते ऐकतच नव्हते. त्यांनी शाफ्ट नीट बसवला, ठिपके जुळल्याचं मला बोटाने चाचपायला लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वेगळंच काम काढलं. त्या सुमारास उघडलेल्या सगळ्या गाड्या त्यांनी आठवून काढल्या. सात निघाल्या. एक वरंगळला गेली होती, तिच्यासाठी बसने वरंगळ गाठलं. सहा ठीक होत्या. सातवी माझ्या गाडीसारखीच निघाली.

त्यानंतर त्यांनी गॅरेज बंद केलं. मी समजवायला गेले, ठिपके नीट दिसले नसतील, चष्म्याचा नंबर बदलून बघा म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "दिसत नाही हे कळत होतं तोवर ठीक होतं ताई. आता चुकीचं दिसतंय आणि बरोबर वाटतंय. अशा माणसाने गाडीखाली शिरू नये."

बीदरला मुलीकडे जायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या वाटेवरच आहे, मीच सोडते. एक ट्रंक, एक वळकटी आणि उस्ताद. पटानचेरूपर्यंत ते गप्पा मारत होते, लष्करातल्या, नातवाच्या. मग रस्ता मोकळा झाला आणि मी वेग वाढवला. नव्वद. शंभर. आता काहीतरी विचारतील म्हणून मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं. मान खिडकीला टेकवून, तोंड थोडं उघडं ठेवून उस्ताद गाढ झोपले होते. झहीराबाद आलं, माझा दवाखाना गेला, बीदरचा फाटा लागला, तरी मी त्यांना उठवलं नाही.